हॅलोविनला मुलांना घेऊन बाहेर पडताय? या चुका टाळा

हॅलोविन म्हणजे मुलं वेगवेगळे वेश करून घरोघरी खाऊ मागत फिरतात तो सण. त्याचा दिवस, ३१ ऑक्टोबर, जवळ आला की अमेरिकेतल्या आपल्या आई-बाबांच्या ग्रुपवर एकच काळजी फिरू लागते: कुणी चॉकलेटात विष तर घातलं नसेल ना? समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या अशा बातम्या तपासल्या आहेत. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊतल्या विषाने मूल दगावल्याचं एकही सिद्ध उदाहरण त्यांना मिळालेलं नाही. फाटक्या वेष्टनातलं टाकून द्या आणि पुढे चला. खरी भीती आग आणि गाड्यांची आहे.

आपल्याकडे आगीचा धोका जरा जास्तच, कारण दिवाळी बहुतेकदा याच सुमारास येते. २०२४ साली तर बऱ्याच घरांत लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरलाच झालं. दाराबाहेर पायऱ्यांवर तेलाच्या पणत्या, शेजारी मेणबत्ती लावलेला कोरीव भोपळा आणि तिथेच खाऊ घ्यायला वाकणारी, लांब झग्यातली पोरं! झग्याची किनार नेमकी ज्योतीच्या उंचीवर येते. पॉलिस्टर पेटतं तसं वितळतंही आणि कातडीला चिकटतं. म्हणून त्या संध्याकाळी खऱ्या पणत्या देवघरात, मोठ्यांच्या नजरेखाली ठेवा. बाहेर आणि भोपळ्यात बॅटरीचे दिवे लावा. वाळकी कणसं, क्रेप कागदाच्या माळाही ज्योतीपासून लांब हव्यात. झगा घोट्याच्या वर येईल असा दुमडून टाके घाला.

तरीही कपडा पेटलाच, तर मूल घाबरून पळतं आणि आग भडकते. घरातच सराव करून घ्या: थांबायचं, तोंड हातांनी झाकून जमिनीवर पडायचं, लोळायचं. भाजलेल्या जागी नळाचं गार पाणी वीस मिनिटं सोडा. बर्फ नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. चिकटलेलं कापड ओढू नका. भाजणं मोठं असेल तर आधी ९११ या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन करा.

गाड्यांबद्दल एक आकडा पुरेसा आहे. १९७५ ते २०१६ मधल्या अमेरिकेतल्या अपघातांच्या अभ्यासात हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यातल्या त्याच संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त आढळला. सर्वाधिक वाढ ४ ते ८ वर्षांच्या मुलांत होती. काळा पोशाख, डोळ्यांवर सरकणारा मुखवटा आणि उभ्या गाड्यांमधून एकदम रस्त्यावर येणं, हे तिन्ही टाळता येतं. मुखवट्याऐवजी चेहरा रंगवा, पाठीवर आणि पिशवीवर चमकपट्टी लावा. एका बाजूची घरं संपवूनच कोपऱ्यावरून रस्ता ओलांडा. आठ वर्षांच्या ताईच्या भरवशावर धाकट्याला सोडू नका.

बाकी थोडक्यात. चार वर्षांखालच्या मुलांना कडक गोळ्या आणि दाणे देऊ नका, घशात अडकतात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी निळसर-हिरवा भोपळा ठेवलेली घरं शोधा, तिथे खाऊऐवजी खेळणी मिळतात. कुत्र्याला चॉकलेट, बेदाणे आणि झायलिटॉलचं (साखरेऐवजी वापरतात त्या गोड पदार्थाचं) च्युइंगगम विषारी असतं, तेव्हा खाऊची पिशवी जमिनीवर ठेवू नका. मुलाने भलतंच काही गिळलं तर १-८००-२२२-१२२२ हा विषबाधा मदतीचा नंबर चोवीस तास मोफत चालू असतो. तो आत्ताच फ्रीजवर चिकटवा.