भिंत रंगवायची, झाडं लावायची? आधी पाण्याची पाळी ठरवा

सेवाभावी क्लबने सुशोभित केलेले कोपरे उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतात आणि पुढच्या उन्हाळ्यात वाळतात. म्हणून जागा बघायला गेल्यावर आधी नळ शोधा. तो लांब असेल तर पहिले दोन आठवडे बादल्या उचलल्या जातात, मग कोणी फिरकत नाही. अशा ठिकाणी नुसती भिंत रंगवा. मालकाची परवानगी लेखी घ्या, आणि देखभाल कोणाकडे, किती वर्षं, हेही त्याच कागदावर येऊ द्या.

रंगाआधी ओल तपासायची. हातभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवा. आत थेंब धरले तर थांबा, नाहीतर रंगाचे पोपडे सुटतील. लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेला क्षारांचा पांढरा थर, कोरड्या ब्रशने झाडा. पाणी मारलं की क्षार विरघळून परत गिलाव्यात मुरतात. जुना रंग मात्र ओला करूनच खरवडायचा. त्यात शिसं असू शकतं, म्हणून धूळ उडता कामा नये आणि लहान मुलं या कामावर नकोत. नवा गिलावा असेल तर 28 दिवस थांबा.

30 मीटर लांब आणि 2 मीटर उंच भिंत म्हणजे 60 चौरस मीटर. गुळगुळीत भिंतीवर लिटरभर एक्स्टीरियर इमल्शन (बाहेरच्या भिंतींचा रंग) एका हाताला साधारण 10 चौरस मीटर पुरतं. दोन हातांना 12 लिटर झाले. खडबडीत भिंतीला 15 लिटर धरा. सगळे डबे एका पिंपात एकत्र ढवळून घ्या, नाहीतर मधेच छटा बदललेली दिसते. माणशी दोन मीटर भिंत दिली तर पंधरा जण पुरतात. चाळीस जणांना बोलावून सहा ब्रश ठेवले की उरलेले चौतीस गप्पा मारतात आणि ओल्या रंगाला टेकतात. खरवडणं आणि प्रायमर आधीच्या सुट्टीत पाच-सहा जणांनी उरकावं.

भिंत आणि झाडांसोबत क्लबला कपडे किंवा वस्तूही गोळा करायच्या असतील तर ज्यांना द्यायच्या आहेत त्यांच्याकडून आधी यादी आणा, मापांसकट. यादीशिवाय आवाहन केलं की फाटके कपडेच जास्त येतात, आणि ते निवडण्यात दोन दिवस जातात. दानपेटी सीलबंद असावी, ती दोघांनी मिळून उघडावी, तिथेच मोजून दोघांनी सही करावी. हा अविश्वास नव्हे, खजिनदाराचं संरक्षण आहे.

झाडांचा खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, पण दुप्पट-तिप्पट रुंद खणा. पिशवी पूर्ण काढा. गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा किंवा कापा, नाहीतर ती पुढे बुंध्यालाच आवळतात. जिथून मुळं फुटतात तो भाग जमिनीच्या पातळीत राहू द्या. खोल गाडलेलं रोप वर्षभर बरं दिसतं आणि मग कुजतं. आळ्यात पालापाचोळ्याचा 5 ते 7 सेंटीमीटर थर द्या, पण बुंध्याला टेकवू नका. पहिल्या कोरड्या ऋतूत आठवड्यातून दोनदा, दर वेळी बादलीभर पाणी सावकाश मुरवा. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच्या वरच राहतात. पाळीच्या तक्त्यावर ‘सर्व सभासद’ नको, प्रत्येक आठवड्यापुढे दोन नावं हवीत. आधाराची काठी वर्षाने काढायची, आणि ती तारीखही त्याच तक्त्यात लिहून ठेवा. विसरलेली सुतळी सालीत रुतते.