वाचनालयाच्या उपक्रमासाठी निधी मागताना: पुण्यातल्या नव्या ग्रंथपालांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी

ग्रंथालयशास्त्राची पदविका घेऊन एखाद्या सार्वजनिक वाचनालयात रुजू झालात की वर्षभरातच कार्यवाह एक जाडजूड फाइल पुढे ठेवतात आणि म्हणतात, 'अनुदानाचं तेवढं बघा.' अभ्यासक्रमात वर्गीकरण शिकवतात, तालिकीकरण शिकवतात, पण या फाइलीचं काय करायचं हे कुणी सांगत नाही. पुण्याला सार्वजनिक वाचनालयांची परंपरा नवी नाही. पुणे नगर वाचन मंदिराची सुरुवात १८४८ ची, पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. पण आज वाचनालयाच्या दारात येणारा माणूस बदलला आहे. नवी पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं आहेत, वाघोली-रावेतकडे बांधकाम मजुरांची ओडिया आणि हिंदी बोलणारी मुलं, पिंपरीत सिंधी घरं, कॅम्प-कोंढव्यात उर्दू वाचणारे, कोथरूडच्या सोसायट्यांत जिना उतरता न येणारे ज्येष्ठ. या सगळ्यांसाठी काही करायचं तर नेहमीचा पैसा पुरत नाही.

आधी कुठला पैसा कशाला चालतो ते समजून घ्या. बहुतेक अर्ज इथेच फसतात.

परिरक्षण अनुदान हे वाचनालय चालू ठेवण्यासाठी असतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ आणि १९७० चे अनुदान नियम यांखाली ग्रंथालय संचालनालय ते देतं. वाचनालयाचा वर्ग (अ, ब, क, ड) आणि तो जिल्हा, तालुका की इतर गटातला, यावर रक्कम ठरते आणि ती शासन निर्णयाने बदलते, म्हणून आकडा जुन्या फाइलीतून उचलू नका. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून ताजा शासन निर्णय मागून घ्या. या अनुदानातून पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं, भाडं, वीजबिल भागतं. नव्या उपक्रमाला त्यात फारशी जागा उरत नाही, आणि ओढूनताणून बसवलेला खर्च तपासणीत अमान्य होतो.

दुसरा मार्ग कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाचा. १९७२ साली स्थापन झालेली ही केंद्रीय संस्कृती मंत्रालयाखालची संस्था. तिच्या योजना 'समान निधी' आणि 'असमान निधी' अशा दोन गटांत आहेत. समान निधीत राज्य शासन आणि प्रतिष्ठान दोघांचा वाटा असतो. त्यातून ग्रंथखरेदी, कपाटं-मांडण्या, चर्चासत्रं आणि ग्रंथप्रदर्शनं अशी मदत मिळते. असमान निधीत प्रतिष्ठानाचा स्वतःचा पैसा येतो, आणि आपल्या विषयाला जवळचं तेच आहे: बालविभाग, महिला, ज्येष्ठ, नवसाक्षर आणि दिव्यांग वाचकांसाठीचे विभाग, शिवाय सुवर्णमहोत्सव-शताब्दीसारख्या वर्षांसाठीचं साहाय्य. अर्ज विहित नमुन्यात, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत जातो. थेट कोलकात्याला पाकीट पाठवून काहीही होत नाही. शताब्दीचा अर्ज करायचा असेल तर स्थापनेचा पुरावा शोधायला एक वर्ष आधी लागा. वाड्यातल्या ट्रंकेत ठेवलेलं पहिलं इतिवृत्त वाळवीने खाल्लेलं निघतं.

तिसरा मार्ग कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा, म्हणजे सीएसआरचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात 'सार्वजनिक ग्रंथालये स्थापन करणे' हे शब्द स्पष्ट आहेत. अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात त्याचा उल्लेख करा, कारण कंपनीतल्या माणसाला आपल्या समितीपुढे हेच सिद्ध करायचं असतं. तुमच्याकडे सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरचा पैसा घेण्यासाठी संस्थेने केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे करायची), आयकर सवलतीची १२-ए आणि ८०-जी प्रमाणपत्रं, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद हवेत.

आमदार-खासदार निधीतून कायमस्वरूपी वस्तू आणि बांधकाम होऊ शकतं, मानधन कधीच नाही. आणि परदेशातला पैसा आला की थांबून विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी चालते. तोच माणूस अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर ती विदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए (विदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) खालची नोंदणी नसताना ती घेणं हा गुन्हा आहे. वार्षिक सभेला आलेल्या जुन्या सभासदाने प्रेमाने दिलेला धनादेशसुद्धा याच कारणाने परत करावा लागतो.

आता गरज मांडण्याबद्दल. 'परिसरातील विविध समाजघटकांना वाचनाची गोडी लागावी यासाठी' असं वाक्य शंभर अर्जांत असतं, आणि वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी एक महिना मोजा. देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवा आणि चार रकाने आखा: कोण आलं, काय मागितलं, ते होतं का, नसेल तर का नाही. हिंदी गोष्टी मागणारी किती मुलं परत गेली, मोठ्या टाइपातलं पुस्तक किती ज्येष्ठांनी मागितलं, जिन्याशी थांबून कोण परतलं. दुसऱ्या महिन्यात वाचनालयाभोवती एक किलोमीटर पायी फिरा आणि जे आत येतच नाहीत ते मोजा. मग अर्जात असं लिहिता येतं: 'वाचनालयापासून ६०० मीटरवर मजूर वसाहत आहे, ६ ते १२ वयाची ४० मुलं आहेत, त्यांतली बहुतेक ओडिया आणि हिंदी बोलतात, आमच्याकडे या भाषांतलं एकही बालपुस्तक नाही.'

याच वसाहतीचं अंदाजपत्रक करून पाहू. पुस्तकांची पेटी वसाहतीत न्यायची आणि मुलांना वाचून दाखवायचं: आठवड्यातून दोन सत्रं, सहा महिने, म्हणजे ५२ सत्रं. सरासरी ६० रुपयांची ३०० चित्रपुस्तकं १८,००० रुपये. दोन लोखंडी पेट्या करासहित ६,०००. चार सतरंज्या ३,२००. वाचून दाखवणाऱ्या ताईचं मानधन सत्राला ५०० प्रमाणे २६,०००, प्रवास सत्राला १०० प्रमाणे ५,२००. कागद-खडू महिन्याला १,००० प्रमाणे ६,०००. हरवणारी-फाटणारी पुस्तकं १० टक्के धरून १,८००. हिशेब तपासणी ३,०००. बेरीज ६९,२००. दर तुमच्या भागात विचारून बदला, पण खर्चाची सगळी नावं ठेवा. चाळीसपैकी दर सत्राला तीस मुलं येतील असं धरलं तर १,५६० हजेऱ्या होतात आणि एका मुलामागे एका सत्राचा खर्च साधारण ४४ रुपये येतो. हा आकडा अर्जात द्या. देणाऱ्याला तो लगेच समजतो.

या यादीत सगळ्यात मोठी रक्कम ताईच्या मानधनाची आहे आणि अर्ज लिहिताना नेमकी तीच कापली जाते. कार्यकारी मंडळाला वाटतं, पुस्तकं-कपाटं मागितली तर पटकन मिळतील, माणूस स्वयंसेवक म्हणून मिळेल. पुस्तकं मिळतात, पेटी वसाहतीत पोचते, तिसऱ्या आठवड्यापासून स्वयंसेवकाची परीक्षा असते आणि पेटीला कुलूप लागतं. आमचं यावर ठाम मत आहे: एखाद्या निधीत मानधन बसत नसेल तर दुसऱ्या निधीतून किंवा सभासदांच्या वर्गणीतून त्याची सोय आधी ठरवा, नसेल होत तर मुलं वीस घ्या, पुस्तकं दीडशे घ्या, पण ताई ठेवा.

वसाहतीतले इतर अडथळेही अर्जात लिहा. काम संपलं की कुटुंबं दुसऱ्या साइटवर जातात, होळीला आणि छटपूजेला अर्धी वसाहत गावी जाते, म्हणून 'तीच ४० मुलं सहा महिने' असं वचन देऊ नका. हजेऱ्यांचं वचन द्या. ठेकेदाराची लेखी परवानगी जोडा. ओडिया पुस्तकं पुण्याच्या दुकानांत सहज मिळत नाहीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मुक्त परवान्याच्या ओडिया गोष्टी आहेत, त्या छापून घेता येतात. मग छपाईचा खर्च पुस्तकांच्या रकमेत वेगळा दाखवा.

दिव्यांग वाचकांसाठीचे अर्ज लिहिताना लोक उत्साहाने 'रॅम्प' लिहून मोकळे होतात. हिशेब करा. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा चढा चालत नाही. पेठेतल्या इमारतीला प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची ४५ सेंटिमीटर, म्हणजे रॅम्प ५.४ मीटर लांब, जवळजवळ अठरा फूट. तेवढी जागा रस्त्याआधी नसते. मंजूर झालेला पैसा मग तसाच पडून राहतो. जागा नसेल तर तळमजल्यावर देवघेवीची खिडकी आणि घरपोच पुस्तकसेवा मागा.

अंध वाचकांसाठी महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही. एनव्हीडीए हा पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी संगणकप्रणाली, मोफत आहे. एक संगणक, चांगले हेडफोन, एक स्कॅनर आणि 'सुगम्य पुस्तकालय'शी जोडणी एवढ्यावर सुरुवात होते. हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून चालू आहे. पुस्तकं वाचनीय स्वरूपात आणायला कॉपीराइट कायद्याची आडकाठी नाही, २०१२ च्या दुरुस्तीने ती मुभा दिली आहे. खरी अडचण मराठीत येते ती फाँटची. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली पीडीएफ डोळ्यांना नीट दिसते, पण पडदावाचक ती निरर्थक अक्षरं म्हणून वाचतो. म्हणून अंदाजपत्रकात पुस्तकं युनिकोडमध्ये आणण्याचं आणि मुद्रितशोधनाचं काम धरा. स्कॅन करून मिळालेला मराठी मजकूर माणसाने तपासल्याशिवाय वाचकाच्या हाती देऊ नये, जोडाक्षरं हमखास चुकतात.

किमतींबद्दल एक साधी चूक टाळा. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण संगणकावर १८ टक्के आहे. दरपत्रकात ४०,००० लिहिलं आणि कर 'वेगळा' असेल तर बिल ४७,२०० चं येतं आणि वरचे ७,२०० संस्थेच्या खिशातून जातात. तीन दरपत्रकं घ्या, तिन्ही एकाच तपशिलाची आणि एकाच महिन्यातली हवीत.

कागदपत्रांत सर्वांत जास्त अर्ज अडतात ते धर्मादाय कार्यालयाच्या बदल अर्जावरून. विश्वस्त किंवा कार्यकारी मंडळ बदललं की ९० दिवसांत सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली तो दाखल करावा लागतो. बऱ्याच जुन्या वाचनालयांच्या शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, अजून दिवंगत विश्वस्तांची नावं असतात. मग ठरावावर सही करणारे अध्यक्ष आणि नोंदीतले अध्यक्ष वेगळे निघतात आणि अर्ज बाजूला पडतो. रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात शेड्यूल वनचा उतारा मागवा आणि आजच्या मंडळाशी ताडून पाहा. ठरावात उपक्रमाचं नाव, रक्कम, सूचक, अनुमोदक आणि बँक खातं एवढं हवंच.

पैसा आल्यावर त्याचं स्वतंत्र खातं किंवा निदान स्वतंत्र खतावणी ठेवा. शासकीय रक्कम वर्षअखेरीला, मार्चमध्ये येण्याची शक्यता जास्त. ती दहा दिवसांत खर्च करण्याच्या घाईत लागतील ती पुस्तकं सोडून मिळतील ती विकत घेतली जातात. यावर उपाय एकच: पुस्तकांची यादी जानेवारीत मंडळाकडून मंजूर करून ठेवा. आलेलं प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढवा, पान उघडून योजनेच्या नावाचा शिक्का मारा, आणि बिलावर दाखल क्रमांक 'अमुकपासून अमुकपर्यंत' लिहा. तपासणीला आलेला माणूस बिल, नोंदवही आणि प्रत्यक्ष पुस्तक ही तीन टोकं जुळवून पाहतो. पेट्या, संगणक डेडस्टॉक म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत जातात.

मुलांचे फोटो देणगीदार मागतातच. पालकांची लेखी संमती आधी घ्या, त्यांच्या भाषेत वाचून दाखवून. संमती नसेल तर पाठमोरे फोटो पाठवा.

केंद्राच्या निधीचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए या नमुन्यात, सनदी लेखापालाच्या सहीने जातं. खात्यावर जमलेलं व्याज तुमचं नसतं, हिशेब पूर्ण झाल्यावर ते परत भरायचं असतं. ताईने सहाव्या महिन्यात दोन सत्रं घेतली नाहीत आणि १,२०० रुपये उरले, तर तेही तसंच दाखवा, आणि दुसऱ्या खर्चाकडे वळवायचे असतील तर खर्च करण्याआधी पत्र लिहून परवानगी घ्या. पत्राची पोच फाइलीला लावून ठेवा.