पावसाळ्याआधी, मे महिन्यातच: मदतपथकाची तयारी

यंदा पथकात नवी मुलं-मुली येत आहेत, म्हणून दरवर्षी तोंडी सांगते ते या वेळी लिहून काढलं आहे. ताडपत्र्या, चादरी, तांदूळ, मेणबत्त्या यांचा हिशेब इथे नाही, तो सगळ्यांना जमतो. इथे आहे ते आपल्या माणसांच्या जिवाचं आणि सरकारी कचेऱ्यांचं. ही दोन कामं मी वेगळी धरत नाही. पाण्याने वेढलेल्या वस्तीत आपली बारा माणसं आहेत हे तिथल्या अधिकाऱ्याला ठाऊकच नसेल, तर ती अडकल्यावर त्यांना शोधायला कोण निघणार?

म्हणून पहिली फेरी मुंबई महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसची. सहाय्यक आयुक्तांच्या नावे पत्र द्यायचं आणि आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख घ्यायची. पण पोच मिळाली म्हणजे काम झालं असं समजू नका. पावसाळ्यात प्रत्यक्ष रस्त्यावर असणाऱ्या अभियंत्यांना भेटा, कुठल्या शाळा निवाऱ्यासाठी ठरल्या आहेत ते विचारा आणि त्या जाऊन बघून या. जून लागला की त्या लोकांना बोलायला उसंत नसते. मे महिन्यात चहा पिऊन झालेली ओळख जुलैमध्ये कामाला येते. तेच पत्र स्थानिक पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांना. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पत्रात मात्र दरवर्षी कोणीतरी चुकतं. मुंबईत शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे आहेत. कुर्ला, चेंबूर, मालाडचं पत्र फोर्टला नेलंत तर दिवस फुकट जातो. ते वांद्र्याला द्यायचं.

पत्रात काय लिहायचं हे आम्ही २०२१ मध्ये शिकलो. जुलैत रायगडमधलं महाड बुडालं, तळिये गावावर दरड कोसळली, आणि आम्ही रात्री दोन टेम्पो भरून निघालो. पत्रावर 'मदत साहित्य' एवढंच होतं. ना गाड्यांचे नंबर, ना माणसांची नावं. वाटेत नाक्यावर आम्हाला थांबवलं ते चार तास. पाऊस कोसळत होता, सोबत दोन मुली होत्या आणि आसपास स्वच्छतागृह नव्हतं. तिथल्या हवालदारांशी मी फार कडक बोलले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. पुढे डोंगर सुटत असताना त्या रस्त्यावर कोण गेलं याची नोंद त्यांना हवीच होती. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३४ प्रमाणे जिल्हा प्राधिकरण बाधित भागातला प्रवेश रोखू शकतं. नाक्यावर हुज्जत घालून त्यात फरक पडत नाही. आता आपल्या पत्रात गाडी नंबर, चालकाचं नाव, प्रत्येकाचं नाव, रक्तगट, घरचा फोन आणि परतण्याची वेळ असते. शिवाय निघण्याआधी तहसील कार्यालयात फोन जातो आणि 'आम्ही कुठे यायला नको?' हे आधी विचारलं जातं. हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस मोकळेपणाने बोलतो, असा माझा अनुभव आहे.

आता पाण्याचं. पालिका दर पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. ती छापून भिंतीवर लावा. भरती साडेचार मीटरच्या वर आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस, असं जुळलं की गटारांचं पाणी समुद्रात जायला वाट उरत नाही, उलट वस्तीत चढतं. त्या तासांत मिठी नदीकाठी, दादरजवळच्या सखल हिंदमाताला किंवा कुठल्याही सबवेकडे पथक पाठवायचं नाही, वस्तीतून कितीही फोन आले तरी. आधी १९१६ वर पालिकेच्या नियंत्रण कक्षाला कळवायचं. बोट आणि दोर त्यांच्याकडे, अग्निशमन दलाकडे आणि एनडीआरएफकडे आहेत, आपल्याकडे नाहीत. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नामवंत डॉक्टर घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. ते याच शहरात वावरणारे होते, तरी गढूळ पाण्याखाली काय आहे ते त्यांना दिसलं नाही. म्हणून आपला नियम गुडघ्याचा: पाणी गुडघ्याच्या वर गेलं की मागे फिरायचं. हातात काठी, चालणं जोडीने, विजेच्या खांबापासून आणि फीडर बॉक्सपासून लांब. डोंगरउतारावरच्या वस्तीत संरक्षक भिंतीला लागून उभं राहायचं नाही, सामानही तिथे उतरवायचं नाही.

गमबूट प्रत्येकाचे स्वतःचे. पायाला जखम असेल तर त्या दिवशी ऑफिसातलं काम. साचलेल्या पाण्यातून चालून आलात तर पाय साबणाने धुवा आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळीसाठी २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. गोळी मनाने घ्यायची नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन मेमध्येच.

विमा राहून जातो, म्हणून आत्ताच सांगते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण, वय १८ ते ७०. तिचं वर्ष १ जूनला सुरू होतं, त्यामुळे मे अखेरीस खात्यात पैसे आहेत का बघा.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा फोन बंद पडले होते. म्हणून महत्त्वाचे नंबर कागदावर, प्लास्टिकच्या पिशवीत, प्रत्येकाच्या खिशात: पालिकेचा १९१६, पोलिसांसह आपत्कालीन ११२, रुग्णवाहिकेचा १०८, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. लोकल बंद पडली तर रात्र कुठे काढायची ते सकाळीच ठरलेलं हवं आणि ते घरच्यांनाही माहीत हवं.

वाटपात धक्काबुक्की झाली की सगळ्यात आधी आपली मुलं चिरडली जातात. त्यामुळे कुपनं आदल्या दिवशी घरोघरी, आणि वाटपाची वेळ बीट चौकीला कळवलेली. टेम्पोवर कुठल्याही पुढाऱ्याचा बॅनर नको. मदत देतो म्हणाले तरी नको, कारण बॅनर लागला की अर्धी वस्ती आपल्याला एका बाजूचं समजते, आणि पुढच्या वेळी त्याच गल्लीत शिरताना आपल्या मुलांना त्रास होतो. कुटुंबांच्या याद्या अधिकाऱ्याने लेखी मागितल्या तरच द्यायच्या, तिसऱ्या कोणाला नाही.

आणि 'मला भीती वाटते, मी पुढे जात नाही' असं पथकातल्या कोणीही म्हटलं, अगदी काल आलेल्या मुलीनेही, तर तिच्यासोबत तिची जोडीदारीण मागे येते. का, असं त्या वेळी कोणी विचारायचं नाही.

परतल्यावर हजेरी घ्या, सगळे घरी पोहोचल्याचे निरोप येईपर्यंत एकाने जागं राहा. मग ज्या पोलीस ठाण्याला आणि तहसीलला जाताना कळवलं होतं, तिथे फोन करा: आमची सगळी माणसं बाहेर आली, नोंद बंद करा.