‘ही टोल्ड टू मी’? से, टेल, स्पीक, टॉक वापरताना या चुका टाळा

‘त्याने मला सांगितलं’ यातला ‘ला’ आपण नकळत इंग्रजीत नेतो आणि ‘ही टोल्ड टू मी’ म्हणून मोकळे होतो. ‘टेल’च्या पाठोपाठ माणूस थेट येतो: ‘ही टोल्ड मी’. ‘से’चं उलट आहे. त्याच्यामागे बोललेली गोष्ट आधी येते, माणूस आणायचाच तर नंतर, ‘टू’ लावून: ‘शी सेड समथिंग टू मी’. म्हणून ‘शी सेड मी’ चूक.

ऑफिसच्या मेलमधलं हे वाक्य बघा: ‘द मॅनेजर टोल्ड दॅट द मीटिंग वॉज कॅन्सल्ड.’ कुणाला सांगितलं? वाक्यात उत्तरच नाही. एकतर ‘टोल्ड अस दॅट’ लिहा, नाहीतर ‘सेड दॅट’. ‘कुणाला?’ हा प्रश्न विचारून बघितला की बहुतेक वेळा योग्य शब्द सापडतो. ‘टेल अ स्टोरी’, ‘टेल अ जोक’, ‘टेल द ट्रुथ’ मात्र माणसाशिवायही चालतात. ‘खोटं बोलू नकोस’चं ‘डोन्ट स्पीक लाय’ होत नाही. ‘डोन्ट टेल लाइज’ किंवा नुसतं ‘डोन्ट लाय’ म्हणा.

‘ही टोल्ड मी टू वेट’मध्ये ‘टू’ कसा चालतो, असं वाटेल. तो ‘मी’चा नाही, ‘वेट’चा आहे: थांबायला सांगितलं. ‘एक्सप्लेन’ला मात्र माणसाआधी ‘टू’ हवाच: ‘एक्सप्लेन इट टू मी’. ‘एक्सप्लेन मी’ नको.

‘म्हणणे’ तर आणखी फसवं. मराठीत गाणं म्हणतात, इंग्रजीत ‘सिंग अ साँग’. कविता पाठ म्हणायची असेल तर ‘रिसाइट’. प्रार्थनेला ‘से’ चालतो. ‘याला इंग्रजीत काय म्हणतात?’ विचारताना ‘व्हॉट डू यू से धिस’ नको. वस्तू दाखवून विचारत असाल तर ‘व्हॉट डू यू कॉल धिस इन इंग्लिश?’, आणि अख्खं वाक्य विचारायचं असेल तर ‘हाउ डू यू से धिस?’

भाषेसाठी ‘स्पीक’: ‘आय स्पीक मराठी’. फोनवर कुणाला मागताना ‘मे आय स्पीक टू…’ अदबीचं वाटतं. गप्पांना ‘टॉक’. ‘टॉक अबाउट द बजेट’ बरोबर, पण ‘डिस्कस अबाउट’ नाही. ‘बद्दल चर्चा’ मधला ‘बद्दल’ तिथे गाळायचा आणि ‘डिस्कस द बजेट’ म्हणायचं.

पाटीवर ‘नो पार्किंग’ लिहिलंय, हे सांगायला ‘ऑन द बोर्ड इट इज रिटन’ची लांबण कशाला? ‘द साइन सेज नो पार्किंग’.