कॉम्प्रेसरचा रेग्युलेटर फुसफुसतोय? आधी नॉब ढिला करून बघा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ग्रिल-दरवाजे रंगवायचा माझा छोटा गाळा आहे. जुलैत एका दारावर रंगाचे ओघळ आले. पोऱ्या म्हणाला, "काका, थिनर जास्त पडलं." मी रेग्युलेटरच्या गेजकडे पाहिलं. रेग्युलेटर म्हणजे टाकीतल्या हवेचं प्रेशर कमी करून रंगाच्या गनला देणारा भाग. लावलेले 2 बार, सुई साडेतीनवर. गन दाबली की खाली, सोडली की हळूहळू परत वर. शिवाय नॉबखालच्या बारीक भोकातून फुस्स चालूच.

नॉब कमी करताना त्या भोकातून क्षणभर हवा सुटणारच, ती जादाची हवा. सतत सुटत असेल तर टाकीत हवा असतानाच नॉब पूर्ण ढिला करा. तरीही फुस्स थांबली नाही, तर खालचा व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे त्याच्या बसायच्या जागेवर, नीट बसत नाहीये. ढिल्यावर थांबली आणि आवळताच सुरू झाली, तर बहुधा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटलाय. शेजारच्या गाळ्यात एकाने ते भोकच एम-सीलने बुजवलं होतं. असला शहाणपणा करू नका.

आता खोलायचं. मोटर बंद, प्लग बाहेर, टाकीची पाणी सोडायची तोटी (ड्रेन कॉक) उघडून टाकी शून्यावर आणा. पाइपातही हवा अडकलेली असते, म्हणून गनही दाबून घ्या. नॉब ढिलाच ठेवा, नाहीतर वरची स्प्रिंग उडून तोंडावर येते. रेग्युलेटर काढून व्हाइसमध्ये (शिकंजात) कापड लावून धरा, वरचं झाकण उघडा आणि प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. स्प्रिंग, चकती, डायफ्राम. मग खालचा प्लग खोला, त्यात लहान स्प्रिंग आणि रबर बसवलेला व्हॉल्व्ह असतो.

माझ्या व्हॉल्व्हच्या रबरावर मोहरीपेक्षा बारीक, तांबूस कण रुतलेला होता. टाकीतला गंज! एवढ्याशा कणामुळे सीट बंद होत नव्हती. नखाने कण काढला, सीट सुती कापडाने पुसली. रबरावर खोल चरा असेल किंवा ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) दाबून कडक लागली, तर जुना भाग खिशात घालून दुकानात जा आणि मापाला माप लावून नवा आणा. पेट्रोल-थिनरने धुऊ नका, रबर फुगतं. फिल्टरची पारदर्शक वाटी प्लॅस्टिकची असली तर थिनरने तडकते. साबणाचं पाणी पुरे. बॉडीचे आटे गेले असतील तर मात्र नवाच रेग्युलेटर घ्या.

ओ-रिंगला रबराला चालणाऱ्या, सिलिकॉन नसलेल्या ग्रीसचं बोट फिरवा. डायफ्राम सुरकुती न पडता बसवा, झाकणाला चार स्क्रू असले तर समोरासमोरचे थोडे-थोडे आवळा. जोडाच्या आट्यांना टेफलॉन टेप लावा, पण पहिला आटा मोकळा ठेवा, नाहीतर टेपचा तुकडा आत जाऊन तोच उद्योग परत.

नॉब ढिला ठेवूनच टाकी भरा. मग हळूहळू 2 बारपर्यंत चढवा. प्रेशर नेहमी खालून वर येत लावायचं, जास्त झालं तर पार खाली नेऊन पुन्हा चढवायचं. जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा. मी चहा मागवला, प्यायलो, सुई 2 वरच होती.

ड्रेन कॉकमधून त्या दिवशी जवळजवळ तांब्याभर लालसर पाणी निघालं होतं. पावसाळ्यात ठाण्याची हवा म्हणजे अर्धं पाणीच. आता टाकीतलं पाणी काढायचं काम पोऱ्याकडे, रोज शटर ओढायच्या आधी.