कोकण किनाऱ्यावर तंबू ठोकताय? या चुका टाळा

सह्याद्रीत पाच-पन्नास वेळा तंबू लावलेला माणूस समुद्रावर हमखास फसतो. डोंगरात अंगवळणी पडलेल्या सवयी (सपाट जागा शोधा, खुंट्या ठोका, तंबू गच्च बंद करा) त्याला इथे नडतात. काशीद, दिवेआगर, गुहागर, तारकर्ली, कुठेही जा, चुका बहुतेक त्याच.

पहिली चूक जागेची. किनाऱ्यावरची सगळ्यात सपाट, स्वच्छ वाळू म्हणजे आदल्या भरतीने झाडून ठेवलेलं अंगण. तिथे सामान टाकण्याआधी खाली बघत चाला. वाळलेलं शेवाळ, शिंपले, काटक्या आणि एखादी अनाथ चप्पल यांची एक रेघ दिसेल, तिच्याही वर दुसरी, जुनी रेघ दिसेल. सगळ्यात वरची रेघ ओलांडून, मर्यादवेलीच्याही मागे जा. वेलीवर तंबू लावू नका, तीच वाळू धरून ठेवते. जवळ खाडीचं तोंड किंवा वहाळ असेल तर मागची बाजूही पाहा. भरतीचं पाणी तिकडून आत शिरतं आणि सकाळी तुम्ही बेटावर असता.

भरतीची वेळ काढायला अ‍ॅप आहेतच, पण रेंज गेली तर कोळीवाड्यातला हिशोब उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळ-संध्याकाळ साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आता गंमत पाहा. चांदण्यासाठी लोक मुद्दाम पौर्णिमेचा शनिवार-रविवार गाठतात. नेमकं त्याच सुमारास उधाण असतं आणि पाणी सगळ्यात वर येतं ते रात्री सव्वाअकरा-बाराला, सगळे घोरत असताना. दुपारची भरती पाहून निर्धास्त होऊ नका, दिवसाच्या दोन भरत्यांची उंची सारखी नसते. अलिबागकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो, मालवण-वेंगुर्ल्याकडे तो बराच कमी. त्यामुळे तारकर्लीचा अनुभव नागावला लावून चालत नाही. गाडी वाळूवर नेण्याबद्दल एवढंच, की नेऊ नका. रुतली की ती ओढायला ट्रॅक्टरवाला मागेल तो भाव द्यावा लागतो.

दुसरी चूक वाऱ्याची. किनाऱ्यावर दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, दुपारी त्यांचा जोर चढतो. सूर्य मावळला की ते मंदावतात, आणि उत्तररात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतात. लोक संध्याकाळच्या झुळुकीला भुलून एकाच दाराचा तंबू समुद्राकडे तोंड करून लावतात. रात्री दहाला हवा पडते, आत भट्टी पेटते. दोन दारांचा, जाळीवाला तंबू घ्या आणि दारं पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे दोन्ही वारे आरपार जातील. शक्य असेल तर पूर्वेला सुरूच्या झाडांची रांग येईल अशी जागा धरा. सकाळी सात-साडेसातचं ऊन थेट तंबूवर आलं की झोप संपलीच. दुपारी आत बसायचंच नसतं, त्यामुळे पश्चिमेच्या उन्हाची चिंता नको. सावलीसाठी माडाखाली मात्र चुकूनही जाऊ नका. नारळ आणि वाळलेली झावळी पडताना आवाज देत नाहीत.

उकडतं म्हणून वरचं आच्छादन काढून टाकणं हीही नेहमीची गफलत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे असं दव पडतं की पांघरूण पिळून घ्यावं लागतं. आच्छादन काढायचंच असेल तर तंबूच्या वर हातभर जागा सोडून ताडपत्री बांधा. हवा खेळती राहते, दव अडतं आणि सकाळी सावलीही मिळते.

खुंट्यांचं दुखणं सोपं आहे. लोखंडी खुंटी कोरड्या वाळूत लोण्यातल्या सुरीसारखी जाते आणि तशीच निघते. दगड मारून, पाणी ओतून उपयोग नाही, वाळू सुकली की पुन्हा सैल. कापडी पिशवीत वाळू भरा, दोरी तिच्या मधोमध बांधा, कोपरभर खड्ड्यात पुरा आणि वरून पायाने दाबा. पिशवी नसेल तर सुरूची पडलेली जाड काटकी आडवी पुरली तरी चालते, फक्त दोरी ओढीच्या दिशेला तिरपी निघाली पाहिजे.

शेकोटीवर वाळू टाकून झोपायला जाणं ही मला सगळ्यात धोकादायक चूक वाटते. वरून थंड दिसणारी वाळू खालच्या निखाऱ्यांमुळे कित्येक तास पाय भाजण्याइतकी गरम राहते, आणि सकाळी त्यावरून धावतात ती शेजारच्या तंबूतली पोरं. भरपूर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. सुरूच्या वाळक्या पाल्यावर शेकोटी करूच नका. डासांसाठी नारळाच्या सोडणाचा धूर चांगला, पण तंबूबाहेर. तंबूत निखारे किंवा गॅस पेटता ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वासही नसतो आणि जीव जातो.

पाण्यात काटकसर नको. विहीर मचूळ निघू शकते, म्हणून माणशी दिवसाला चार लिटर तरी बरोबर असावं, सोबत मीठ-साखर किंवा कोकम. चपला बाहेर ठेवल्या तर घालण्याआधी झटका, कोकणात फुरसं हा विषारी साप असतो. माशांचे काटे तंबूजवळ टाकलेत तर कुत्री रात्रभर सोबत करतील.

वेळास, आंजर्ले, गुहागरकडे हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, त्यामुळे तुमचा कंदील त्यांना समुद्राऐवजी गावाकडे नेतो. दिवे तंबूच्या आत आणि मंद ठेवा, किनाऱ्याकडे झोत नको.

घरी आल्यावर तंबू गुंडाळलेलाच माळ्यावर गेला, तर पुढच्या वेळी चेन जागची हलत नाही. मिठाने ती धरते. चेन आणि काठ्यांचे सांधे गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, चेनीवर मेणबत्ती घासा. चेन आधीच अडकली असेल तर ओढाताण करू नका. कोमट पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशने दातांमधली वाळू काढा, मग सरकवून बघा.