खाऱ्या वाऱ्यात टिकणारं चौकोनी पाइपचं फाटक

हर्णै, देवगड किंवा मालवणला समुद्राजवळ लावलेलं फाटक बाहेरून चकचकीत दिसतं आणि एक दिवस खालचा पाइप बोटाने दाबला तरी आत जातो. रंग बाहेरच्या बाजूला असतो, गंज आतून खातो. म्हणून फाटक करताना पाइपच्या पोटाचा विचार आधी करायचा.

१२०० × १२०० मिमीच्या एका झडपेसाठी ४० × ४० मिमीचा, १४ गेजचा म्हणजे २ मिमी जाडीचा एक पाइप पुरतो. ६ मीटरच्या लांबीत चौकटीचे ४५ अंशांत कापलेले १२०० मिमीचे चार तुकडे आणि ११२० मिमीची मधली आडवी पट्टी बसते. उरतं त्या थोडक्यातूनच पात्याचे कापही जातात, म्हणून चुकीला जागा नाही. दुकानात पाइप काट्यावर ठेवा. १४ किलोच्या आसपास भरायला हवा. साडेअकरा भरला तर तो १६ गेजचा आहे, पावतीवर काहीही लिहिलेलं असो.

मधल्या गजांना मात्र पाइप नको, १२ मिमीचा भरीव चौकोनी बार घ्या. त्याला पोटच नाही. ५४० मिमीचे १८ तुकडे, वर नऊ आणि खाली नऊ, दोन गजांमध्ये १०१ मिमी फट. बारचं वजन काढायचं तर मिमीतल्या बाजूचा वर्ग गुणिले ०.००७८५, १२ मिमीला मीटरमागे १.१३ किलो. नक्षी हवी असेल तर बार लाल तापवून एक टोक शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरा आणि दुसऱ्याला पीळ द्या. चार कडा फिरताना दिसतात, गोल सळईत हे दिसणार नाही. पिळाने लांबी थोडी घटते, तेव्हा तुकडा आधी पिळा, मग मापाला कापा.

चौकटीचे चारही कोपरे आधी नुसते टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारून जोडा आणि कर्ण मोजा: दोन्ही १६९७ मिमी. मग समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून वेल्ड करा, नाहीतर चौकट ओढली जाते. २.५ मिमीची वेल्डिंग रॉड, ७० ते ८० अँपिअर. सांधा चारही बाजूंनी पूर्ण भरा. टाक्यांमधल्या बारीक फटीतून खारं पाणी आत ओढलं जातं, आणि अर्धवट बंद पाइपइतकं वाईट काही नाही. तरीही आत आलेलं पाणी निघून जावं म्हणून खालच्या पाइपला तळाशी ६ मिमीची दोन भोकं ठेवा. फाटक वितळलेल्या जस्ताच्या टाकीत बुडवून घेणार असाल तर भोकं मोठी हवीत आणि मधल्या पट्टीलाही स्वतंत्र हवीत. तिची टोकं चौकटीने बंद झालेली असतात. कोंडलेला ओलावा ४५० अंशांच्या जस्तात वाफ होऊन पाइप फोडतो.

रंगकाम पाऊस सरल्यावर, कोरड्या हवेत. काळा पापुद्रा तारेच्या चाकाने काढा, विहिरीच्या गोड्या पाण्याने मीठ धुवा, सुकू द्या आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर लावा. धारांवर रंग पातळ बसतो, म्हणून कोपऱ्यांना आणि वेल्डला ब्रशने आधी एक हात द्या, मग सगळीकडे दोन. वर पॉलियुरेथेन रंग, नुसतं इपॉक्सी उन्हात खडूसारखं पांढरं पडतं.

बिजागरी जांभ्या चिऱ्यात बोल्ट ठोकून लावू नका, चिरा भुसभुशीत होऊन बोल्ट सुटतो. त्या जागचा एक चिरा काढून काँक्रीट भरा आणि होल्डफास्ट (बिजागरी धरणारी लोखंडी पट्टी) त्यात गाडा. फाटकाखाली ७५ मिमी मोकळे सोडा, आषाढात तिथून पाणी आणि पातेरा दोन्ही वाहतात.